‘बेलापूर उचलू नये’

चार जानेवारी, रविवार. रक्कम रुपये अडतीस हजार पाचशे. हजर: मी, माझी पत्नी आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर घरं विकून-भाड्याने देण्याचं दुकान चालवणारे दादा. ठरलं असं, की मला जो कोणी नवी नोकरी लावून देईल त्याला माझा अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे वरील रक्कम, ब्रोकरेज म्हणून द्यायची. हे एकमताने ठरलं असं म्हणता येणार नाही. पत्नी म्हणाली होती, "नोकरी म्हणजे काय वन बीएचके आहे?" पण त्या दिवशी तिचं कुणी ऐकलं नाही.

त्याच्या दोन दिवस आधी आमच्या मालकांनी कळंबोलीच्या ऑफिसात सगळ्यांसाठी समोसे मागवले होते. मालक एरवी समोसे मागवत नाहीत, त्यामुळे पहिला घास घेण्याआधीच मी समजलो. सळ्या आणि पत्र्याचा धंदा, मालकांची सत्तरी उलटलेली, मुलांना लोखंडात रस नाही. मार्चअखेर यार्ड सोडून देणार, असं त्यांनी सांगितलं आणि चटणी पुढे केली. मी तिथे एकोणीस वर्षं खरेदी, हिशेब आणि ट्रकवाल्यांची बिलं बघत होतो. वय बावन्न. घराचे हप्ते चार वर्षांचे बाकी, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पगार थांबला तर दिवाळीपर्यंत कसंबसं निभेल, पुढे नाही, एवढा हिशेब नेरूळला पोचेपर्यंत झाला. समोसा पिशवीत तसाच राहिला होता, तो मुलीने खाल्ला.

घरी सगळं ऐकून घेतल्यावर पत्नी म्हणाली, "त्या बेलापूरच्या मॅडमना फोन करा."

या मॅडम म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या एक बाई. वर्षातून दोन-तीनदा त्यांचा फोन यायचा. "साहेब, तुमच्यासारखी एक जागा आहे, इंटरेस्ट आहे का?" मी म्हणायचो, "मी सुखी आहे," आणि ठेवून द्यायचो. मग त्या विचारायच्या, ओळखीत दुसरं कुणी आहे का? त्याचं उत्तर द्यायला मी फोनवर नसायचो. पुढे पुढे मी त्यांचा नंबर ‘बेलापूर उचलू नये’ या नावाने सेव्ह करून ठेवला. कर्जवाले, क्रेडिट कार्डवाले यांच्यासाठीही मी हीच पद्धत ठेवली आहे. पण ही नोंद पत्नीला पाठ होती, कारण फोन वाजला की चष्मा नसल्यामुळे नाव तीच वाचायची.

"ती बाई फुकट काम करते म्हणते," मी म्हणालो. "फुकट कोण करतं?"

"विचारलंत कधी?"

विचारलं नव्हतं. पण असल्या बाबतीत बाईंना विचारण्यापेक्षा दादांना विचारणं मला बरं वाटलं. दादा मूळचे खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या वडिलांची भातशेती होती, त्यावर आता तीन सेक्टर उभे आहेत. आमचं घर आम्हाला दादांनीच मिळवून दिलं. गळती कुठे आहे हे त्यांनी घेण्याआधी सांगितलं होतं, आणि ती बरोबर तिथेच निघाली. अशा माणसावर विश्वास बसतो.

दादांनी पंखा वाढवला आणि समजावलं. "बगा साहेब, रूम काडायची असली तर आपन काय करतो? सगल्या एजंटना सांगतो. एकाला धरून बसलात तर तो झोपून राहील. सा जनांना द्या. कोनाला दुसऱ्याचं नाव सांगू नका."

"आणि पगार किती सांगायचा?"

"सगल्यांना येगयेगला. म्हंजी बाजार कलतो. आन घाई हाय असा दाखवू नका. तुमी निस्ते बगताव."

"पण घाई आहे ना," पत्नी म्हणाली.

"वहिनी, घाई घरात ठेवायची."

तर्क मला पटला. माल एक, एजंट सहा, शक्यता सहापट. दादांनी ब्रोकरेजचा आकडाही ठरवून दिला आणि हा त्यांचा सल्ला फुकट आहे हे दोनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून सहा ठिकाणी गेलो. एकाने नावनोंदणीचे पाचशे मागितले. मी पावती मागितली. तो म्हणाला, पावती नोकरी लागल्यावर. मी उठलो, त्यामुळे पाचच उरले. सहावा दादांच्या ओळखीतून वाशीला मिळाला. बाकीच्यांनी बायोडेटा घेतला, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि "कळवतो" म्हणाले. मीही "मी नुसतं बघतोय" असं म्हणालो. ते ऐकून एकाने विचारलं, "काय बघताय?" याचं उत्तर दादांनी दिलेलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी बेलापूर. दुसऱ्या मजल्यावर, दोन वकिलांच्या मधोमध बाईंचं ऑफिस. आत एक टेबल, दोन खुर्च्या. बाकी उमेदवार जिन्यावर बसलेले, पायरीवार. आतून एक बाहेर आला की सगळे एक पायरी वर सरकायचे. मला नऊ पायऱ्या सरकायला दीड तास लागला. कोर्टाच्या कामाला आलेले दोघेजण चुकून आमच्यातच बसले होते. त्यातल्या एकाने शेवटी आत जाऊन बायोडेटा देऊनही टाकला.

बाई पन्नाशीच्या आसपास, चष्मा कपाळावर. नाव ऐकून त्यांनी चष्मा खाली घेतला. "थांबा. तुम्ही ते सात मिनिटंवाले ना?"

"कसली सात मिनिटं?" मी विचारलं.

"अहो, काही वर्षांपूर्वी तुमच्याकडून सुटलेल्या एका डिस्पॅच क्लार्कबद्दल मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दोन दिवसांनी फोन करा, मस्टर काढून सांगतो."

मग आठवलं. तो नंबर तेव्हा मी ओळखत नव्हतो, म्हणून उचलला असणार. मस्टर बघून मी सांगितलं होतं, की मुलगा रोज साधारण सात मिनिटं उशिरा यायचा, पान खायचा, पण यार्डात थुंकायचा नाही आणि त्याच्या वजनकाट्याच्या चिठ्ठीत कधी चूक सापडली नाही.

"संदर्भ विचारला की सगळे म्हणतात, व्हेरी गुड बॉय," बाई म्हणाल्या. "चोराबद्दलही म्हणतात. तुम्ही एकटे असे, की मस्टर काढलंत. त्या मुलाला मी ज्या कंपनीत लावला तिथे त्याला सात मिनिटं आधी बोलावलं. अजून तिथेच आहे. म्हणून तर मी तुम्हाला फोन करते. बरं, नंबर तोच आहे ना?" आणि खात्री करायला त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

माझा फोन टेबलावर होता. तो वाजला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं. अक्षरं मोठी ठेवायची हेही चष्म्यामुळेच.

बाईंनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "उचला की," म्हणाल्या.

मी उचलला. समोर बसून "हॅलो" म्हणालो. त्याही "हॅलो" म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, की शेजारचे वकील डोकावले.

एवढं झाल्यावर तरी मला शहाणपण यायला हवं होतं. बाईंनी पगार विचारला, मी दादांच्या शिकवणीप्रमाणे पंच्याण्णव हजार अपेक्षा सांगितली. "आणखी कुणाकडे दिलाय का बायोडेटा?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलत नाही. मी म्हणालो, "सध्या तरी आपल्यासमोरच बसलोय." वाक्य खरं होतं. बाई त्यावर विश्वासून पुढे लिहायला लागल्या, ते मात्र मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

फेब्रुवारी अर्धा गेला. यार्डातला माल उतरत चालला, क्रेन विकली गेली. पत्नीने दूधवाल्याला एक पिशवी कमी करायला सांगितलं आणि मला सांगितलं नाही; मला ते चहाच्या रंगावरून कळलं. दादा रोज विचारायचे, "गिऱ्हाईक आला का?"

एका दुपारी फोन वाजला. ‘बेलापूर उचलू नये’. मी झडप घालून उचलला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही एकूण किती जण आहात?"

"घरात? तिघं."

"घरात नाही हो. बाजारात. तळोज्याच्या एका गोदाम कंपनीला मी तुमचा बायोडेटा पाठवला. जागा अगदी तुमच्यासाठी शिवल्यासारखी. आत्ता तिथल्या एचआरचा फोन आला. त्यांच्याकडे तुम्ही चारदा आला आहात. चार वेगवेगळ्या लोकांकडून. एकाकडे ब्याऐंशी हजार, दुसऱ्याकडे नव्वद, माझ्याकडे पंच्याण्णव, आणि एकाकडे एक लाख पाच. ती पोरगी विचारतेय, हा माणूस एक आहे की जुळ्यातिळ्याची भानगड आहे?"

मी दादांचं तत्त्व सांगितलं. बाजार कळण्यासाठी वगैरे.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या खालचे इस्टेट एजंट."

"साहेब, घर जिथल्या तिथे असतं. ते चार एजंटांनी दाखवलं तरी विकलं जातं. माणूस चौघांनी दाखवला की लोक विचारतात, हा इतका फिरतोय, मग जात का नाही? आणि माझी फी कंपनी देते, तुमचा एका महिन्याचा पगार. आता तुम्हाला घेतलं तर चौघंही ती मागणार. भांडण नको म्हणून कंपनी काय करते? तुम्हालाच काढून टाकते. टाकलंय तुम्हाला. सकाळीच."

मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. एकाऐवजी सहा दारं उघडावीत म्हणून मी जे केलं होतं, त्याने उघडं होतं तेही बंद झालं होतं. मी बाईंना सरळ सांगितलं, की एकतीस मार्चनंतर माझ्याकडे काही नाही, आणि त्यांच्यासमोर बसून ते वाक्य मी फिरवून बोललो होतो. निस्तरायचं कसं?

"एकच उपाय. त्या तिघांकडे स्वतः जा. खरं सांगा. या कंपनीपुरता त्यांचा दावा सोडल्याचं लिहून आणा. मग मी बोलते. नक्की होईल असं सांगत नाही."

दादांना सांगितलं, तर ते काळजीने म्हणाले, "त्यात काय, चौघांना बसवून शेटल करा ना. फी वाटून घ्या म्हनावा. आमी तेच करतो."

"दादा," पत्नी म्हणाली, "तुम्ही आता रूमच बघा."

शनिवारी मी निघालो. ब्याऐंशी हजारवाल्याला मी आठवतच नव्हतो. त्याने माझा बायोडेटा उघडला आणि म्हणाला, "तुम्हाला पाठवलं का मी? कुठे?" कुठे ते मीच सांगितलं, त्याने सही केली. नव्वदवाला मला इंडस्ट्रियल प्लंबर समजत होता. त्याने सही केली, पण त्याच्या बेसिनचा नळ बघून जायला सांगितलं. मी बघितला. वॉशर गेला होता. एक लाख पाचवाला मात्र रागावला. "एवढा खर्च करतो आम्ही उमेदवारावर!" मी विचारलं, "किती?" त्याने विचार केला. एक ईमेल. शेवटी म्हणाला, "तुमच्यासारखे लोक आमचं नाव खराब करतात," आणि ते बरोबर होतं म्हणून मी मान्य केलं. त्याने सही करून चहा पाजला.

तिन्ही कागद घेऊन बेलापूरला गेलो. बाईंनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. काय बोलतील याची मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "मॅडम, माणूस एकच आहे. हिशेबात पक्का, नोकरी शोधण्यात कच्चा. एकोणीस वर्षं एकाच ठिकाणी राहिल्यावर असंच होतं. पण खोटं बोलवत नाही त्याला. सगळीकडे जाऊन स्वतः कबूल करून आलाय. माझ्या शब्दावर एकदा भेटा. नाही आवडला तर पुढच्या वेळी माझा फोन उचलू नका." मग माझ्याकडे बघून रिसीव्हरवर हात ठेवत म्हणाल्या, "लोक नाव तसं सेव्ह करून ठेवतात."

मुलाखत तळोज्याला. समोर फायनान्सचे प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

"चार आकडे बघितले," ते म्हणाले. "यातला खरा कुठला?"

"एकही नाही. खरा पाचवा."

"तो किती?"

"ऐंशी हजार सहाशे."

"सहाशे कशाचे?"

"तळोज्याच्या बसचे. कळंबोलीपेक्षा तेवढे जास्त पडतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग चार आकड्यांची गोष्ट विचारली, मी दादांसकट सांगितली. ते एकदम मोकळे झाले. "मी खारघरला घर घेतलं तेव्हा तीन एजंटांनी मला एकच फ्लॅट दाखवला. दुसऱ्याने मागच्या गेटने नेलं. तिसऱ्याने लिफ्ट चालू असताना जिन्याने चढवलं, मला ओळखू येऊ नये म्हणून. सातवा मजला."

"घेतलात?"

"घेतला. पाय दुखत होते."

नंतर दोन तास कामाचं बोलणं झालं. ट्रकभाड्याच्या बिलात डिझेल कुठे लपवतात हे मी सांगितलं, ते लिहून घेत होते. शेवटी माझ्या मालकांना संदर्भासाठी फोन गेला. मालकांनी माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला पुढे बाईंकडून कळलं. "व्हेरी गुड बॉय."

सत्तावीस मार्चला कंपनीचं पत्र आलं. एक्क्याऐंशी हजार. चारशे जास्त कसे, हे मी बाईंना फोन करून विचारलं, कारण चूक असेल तर आधीच सांगितलेली बरी. "चूक नाही. मी मागितले," त्या म्हणाल्या. "बसचं भाडं वाढत नाही का?"

पत्नीला घेऊन, पाकिटात अडतीस हजार पाचशे घालून मी बेलापूरला गेलो. बाईंनी पाकिटाला हातही लावला नाही. "उमेदवाराकडून घेतलं तर मी काम कुणाचं करते? आणि कंपनीही मला लगेच देत नाही. तुम्ही तीन महिने टिकलात तर देते. मध्येच गेलात तर दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो."

"म्हणजे मी गॅरंटीत आहे?"

"तीन महिने."

"ही सोय लग्नात पण हवी होती," पत्नी म्हणाली. दोघींचं तेव्हापासून जमलं ते जमलंच.

मी विचारलं, मग मी तुमचं काय करू? बाई म्हणाल्या, "फोन उचला. जागा तुम्हाला नको असली तरी उचला. कोण चांगला आहे, कोण नाही, ते मस्टर बघून सांगा. मला रोज पन्नास लोक नोकरी गेल्यावर भेटतात. नोकरी असताना दोन मिनिटं बोलणारा वर्षाला एखादा. त्याचं नाव मला आपोआप आठवतं. बाकीच्यांचा बायोडेटा शोधावा लागतो."

हे मला हिशेबाच्या भाषेतही पटलं. मी एकोणीस वर्षं नोकरीत सुरक्षित होतो असं समजत होतो. खरं तर मी एकाच माणसाच्या तब्येतीवर आणि त्याच्या मुलांच्या आवडीवर अवलंबून होतो. बाहेर मला ओळखणारं माणूस एकच होतं, आणि तेही मी एक फोन चुकून उचलला म्हणून. आता माझ्या हाताखालच्या दोघांना मी सांगितलं आहे, की असा फोन आला तर माझ्यासमोर घ्या, लाजू नका. त्यांना वाटतं मी त्यांना घालवायला बघतोय. दोघं अजून जिन्यात जाऊन बोलतात.

तीन महिने बाईंचा दर महिन्याला फोन आला. "टिकलात ना?" मी हो म्हणायचो आणि त्या महिन्यात किती वेळा उशीर झाला तेही सांगायचो. जूनमध्ये त्यांनी जिन्याची तक्रार काढली. वकिलांनी सोसायटीकडे अर्ज केला होता, की पायऱ्यांवरून त्यांच्या अशिलांना जाता येत नाही. मी म्हणालो, जागा शोधून देणारे एक गृहस्थ माझ्या माहितीचे आहेत. त्यांचे दोष सांगितले, गळतीची गोष्टही सांगितली. दादांनी बेलापूरलाच, तळमजल्यावर, बाहेर बाकं टाकता येतील अशी जागा बाईंना दाखवली. एकच जागा, एकदाच, पुढच्या दाराने.

शेवटी पैसे दिले गेले ते असे. कंपनीने बाईंना माझा एका महिन्याचा पगार दिला. बाईंनी दादांना नव्या जागेचं एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून दिलं. दादांनी त्यातून पाचशेची नोट काढून माझ्यापुढे धरली. "घ्या साहेब. गिऱ्हाईक आनलात ना तुमी."

मी नको म्हणत होतो. तेवढ्यात पत्नीने ती नोट दादांच्या हातातून घेतली.

"मॅडमचं नाव पहिल्यांदा कोणी काढलं होतं?" तिने मला विचारलं.

दादा म्हणाले, "बराबर हाय वहिनींचा." रुपये पाचशे फक्त, पत्नीस पोचले. पाकिटातले अडतीस हजार पाचशे मी बँकेत परत भरले, आणि दुधाची दुसरी पिशवी तिने त्याच्या आधीच सुरू केली होती.